मायचा निळा अंगठा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या घराची मालिका तुम्ही लिहिताय. बाप वारून वर्ष झालंय. भाऊबीजेला बहीण माहेरी आलीय, थोरल्या भावाला हक्कसोडपत्रावर तिची सही हवीय, आणि जेवणाच्या प्रसंगात तुम्हाला एकही संवाद नको. वाहिनीकडून मात्र निरोप आला, ‘सीन थंड वाटतोय, त्यांना बोलू द्या.’ संवादाशिवाय ताण कसा धरून ठेवायचा आणि रोजच्या मालिकेच्या प्रेक्षकाला तो कळतो का, हे तुम्ही विचारलंय.

कळतो. पण तुमचा मसुदा वाचल्यावर वाहिनीचं म्हणणंही मला पटलं. ‘सगळे गप्प जेवतात. वातावरणात ताण. बहीण भावाकडे पाहते. भाऊ नजर चुकवतो.’ एवढंच तुम्ही लिहिलंय. यात माणसं गप्प आहेत, पण त्यांच्यात घडत काहीच नाही. सेटवर हे पान रात्री दहा वाजता दिग्दर्शकाच्या हातात पडेल, दिवसभर शूट करून माणसं थकलेली असतील, आणि तो प्रत्येकाचा एकेक क्लोजअप घेऊन मोकळा होईल. मग एडिटला त्यावर संगीत चढेल. तुम्हाला हवी होती ती शांतता कुठंच उरणार नाही, आणि ‘आपल्या प्रेक्षकाला असलं कळत नाही’ असं म्हणून दोष तिच्या माथी जाईल.

मी मूळचा दारव्ह्याकडचा. सतरा वर्षं मालिकांच्या पटकथा लिहितोय, मधली काही वर्षं संवादही लिहिले. न बोलता घडणारे प्रसंग बरेच लिहिले, त्यातले निम्मे फसले. फसलेल्या सगळ्यांत एक गोष्ट सारखी होती. पात्र काय बोलायचं टाळतंय, तेच प्रेक्षकाला माहीत नव्हतं. पडद्यावरचं माणूस गप्प बसतं तेव्हा त्याच्या तोंडचं वाक्य घरात बसलेली बाई मनात म्हणत असते. तिला ते वाक्य आधी दिलेलंच नसेल तर ती काय म्हणणार? म्हणून मुक्या प्रसंगाचं निम्मं काम आठ-दहा भाग आधी, एखाद्या बोलक्या प्रसंगात उरकावं लागतं.

तुमच्या गोष्टीत ते वाक्य मायचं हवं. दसऱ्याच्या आसपासचा भाग घ्या. लेकीचा फोन आलाय, माय खांद्यानं फोन कानाशी दाबून कापसातली कवडी, म्हणजे किडका कापूस, निवडतेय. बोलणं चाललंय नातवाच्या तापाचं. मध्येच लेक काहीतरी विचारते, आपल्याला ते ऐकू येत नाही. माय हातातलं काम न थांबवता म्हणते, ‘तुले पुसल्याबिगर माहा अंगठा कुठी लागनार नाही, बाई. तू काळजी नोको करू.’ आणि लगेच पुन्हा तापाकडे वळते. या वाक्यावर क्लोजअप नको, संगीत नको. ते जितकं सहज जाईल तितकं खोल रुजेल. आपल्याकडे पुसणं म्हणजे विचारणं. या शब्दाचा दुसरा अर्थ पुढं कामाला येईल, तेव्हा ‘विचारल्याशिवाय’ असं करायला कुणी सांगितलं तरी करू नका.

आता कागदाची बाजू नीट समजून घ्या, कारण ताण तिथूनच निघतो. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं बापाच्या हिश्शात मुलगी वारस होतीच. २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित शेतीत ती जन्मापासून मुलाइतकीच हिस्सेदार झाली. विधवा आईचाही स्वतःचा हिस्सा असतो. म्हणजे वावर एकट्या थोरल्याच्या नावावर यायचं तर माय आणि बहीण दोघींनी हक्क सोडायला हवेत. हक्कसोडपत्र नुसतं घरात बसून सही करून भागत नाही, तालुक्याला दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जाऊन नोंदवावं लागतं, मग फेरफार होऊन सातबाऱ्यावरचं नाव निघतं. आणि दिवाळीत कचेरी बंद.

हे लक्षात आलं की भावाच्या तोंडचं सगळ्यात प्रेमळ वाक्य आपोआप सापडतं. ‘चार दिस राय ना वं बाई. लगेच कुठी चालली?’ तो एवढंच म्हणतो. कचेरी सोमवारी उघडते हे तो म्हणत नाही. प्रेक्षकाला मात्र माहीत आहे, कारण आदल्या भागात त्यानं अर्जनविसाकडे तेवढं विचारून घेतलंय. तुमच्या मसुद्यात भाऊ लोभी आहे आणि तो तसं बोलतोही. माझं मत विचाराल तर त्याला लोभी करू नका. बहिणीनं राहावं असं त्याला खरंच वाटतं आणि सहीही हवीय. कापूस विकलेला नाही, भाव चढायची वाट पाहतोय, बँकेचं पीककर्ज थकलंय. प्रेमाचं वाक्य आणि कामाचं वाक्य एकच असेल तर ते म्हणताना त्याचीच जीभ अडखळेल. ती अडखळ नटाला शिकवावी लागत नाही.

आता जेवणाचा प्रसंग. मी तो असा लिहीन.

सपरीत कापसाचा ढीग, आढ्यापर्यंत पोचलेला. ढिगाच्या कडेला थोरल्याचा पाच-सहा वर्षांचा पोरगा बसलाय. त्याची पाचही बोटं जांभळट निळी. वैनी त्याला बखोटीला धरून मोरीवर नेते आणि हात घासते. तो हसतो. बहीणही हसते. पोरानं कुठलीतरी शाई सांडली असेल, या पलीकडे कुणाच्या मनात काही येत नाही.

पाट मांडलेत. ओवाळून झालंय, भावाच्या कपाळावर कुंकू ओलं आहे. बहीण आणि भाऊ समोरासमोर. पुरणाची पोळी, पातोड्यांचा रस्सा, कढी. माय वाढतेय. पोळी वाढताना तिनं उजव्या हाताचा अंगठा तळव्यात मिटून घेतलाय आणि चार बोटांच्या फटीत पोळी धरलीय. पोळी वाकडी पडते. जन्मभर जिनं ताटात पोळी सरळ वाढली तिच्या हातून ती वाकडी पडते, आणि बहीण ती सरळ करून घेते. एवढ्यानं तिला काही कळलेलं नाही. म्हातारपणी हात थरथरतो, असंच तिला वाटतंय.

मग तूप. तुपाची वाटी कलती करायला अंगठा लागतोच. माय वाटी उचलते, थांबते, पदराखाली हात नेते, पुन्हा काढते. भावाचा घास हातात थांबलाय. माय तूप वाढते आणि वाटीच्या कडेवर तिचा निळा अंगठा बहिणीच्या डोळ्यांसमोर येतो. बहिणीची नजर मोरीवर ओल्या हातानं उभ्या असलेल्या पोराकडे जाते. तिथून कोनाड्यातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीकडे. त्यात गुंडाळलेले कागद आणि शाईच्या पॅडची पत्र्याची एक चपटी डबी. तूप ताटात पडतंच आहे. पोळीवरून उतरून रश्श्यात जातंय. माय वाटी सरळ करायची विसरलीय.

बहीण हात पुढं करून वाटी सरळ करते.

इथपर्यंत एक अक्षर नाही, आणि तरी यात मला सहा-सात घटना मोजता येतात. पानावर त्या सगळ्या लिहा. अंगठा मिटलेला, पोळी वाकडी, वाटी, पदर, थांबलेला घास, पोराची बोटं, पिशवी. साधारण एका पानाला एक मिनिट असा हिशोब प्रॉडक्शन धरतं. मुका प्रसंग चार ओळींत लिहिला तर वेळापत्रकात त्याला वीस मिनिटांचं शूट मिळतं. दीड पान भरून लिहिला तर लोक त्याला सीन समजतात, वेळ देतात, प्रॉपर्टीवाला डबी शोधून आणतो, मेकअपवाला शाईची छटा ठरवतो. लिहिणाऱ्याच्या हातात एवढीच सत्ता असते, तेव्हा ती पुरेपूर वापरा.

वाहिनीच्या माणसांना जी भीती वाटते तिच्यात तथ्य आहे, आणि तिला उत्तर द्यायला हवं. मालिका निम्मी ऐकली जाते. संध्याकाळी सात-साडेसातला आमच्याकडे चुलीवर नाहीतर गॅसवर भाकर असते, पाठ टीव्हीकडे असते, कान टीव्हीकडे. बाई संवादांवरून गोष्ट धरते. म्हणून पात्रं एकमेकांना माहीत असलेल्या गोष्टीही मोठ्यानं सांगतात. ही लिहिणाऱ्यांना जडलेली खोड वाटते, पण भाकर थापणाऱ्या बाईची ती सोय आहे, आणि मला तिचा राग येत नाही. पण या ऐकण्याची दुसरी बाजू पाहा. बोलणं एकाएकी थांबलं की तीच बाई मान वळवते. लाइन गेली की काय, हे पाहायला का होईना, तिची मान वळते. ते दोन-तीन सेकंद तुमचे. त्या क्षणी पडद्यावर नुसता कोरा चेहरा दिसला तर ती पुन्हा तव्याकडे वळेल. वाटीच्या कडेवर निळा अंगठा दिसला तर भाकर करपेल. म्हणून पहिली ठळक वस्तू शांतता सुरू झाल्यावर लगेच दिसायला हवी, आणि जवळून. मोबाइलवर पाहणाऱ्यालाही लांबच्या शॉटमध्ये अंगठा दिसणार नाही.

आवाजाचं तसंच. मुका प्रसंग म्हणजे आवाज बंद केलेला प्रसंग नव्हे. ज्या घरात कापूस भरलेला असतो तिथं आवाज घुमत नाही, पडतो. लहानपणी आम्ही ढिगावर उड्या मारायचो तेव्हा आईची हाक दोन हातांवरून आली तरी लांबून आल्यासारखी वाटायची. तुमच्या साउंड रेकॉर्डिस्टला सांगा की या खोलीचा स्वतःचा आवाज दोन मिनिटं वेगळा घेऊन ठेवा. सेटवर फोमचे गठ्ठे रचून वरून कापसाचा पातळ थर देतात. तो दिसतोही खोटा आणि ऐकूही खोटा येतो. चार-पाच क्विंटल तरी खरा कापूस मागा, मिळेपर्यंत मागत राहा. कापसाशेजारी बसलं की अंगाला खाज सुटते, हे विदर्भातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. भावानं मनगट खाजवलं तर गावाकडच्या प्रेक्षकाला ते खरं वाटेल, आणि त्याची बेचैनी दाखवायला तुम्हाला वेगळं काही करावं लागणार नाही. बाहेर कुठंतरी हडंब्यावर, म्हणजे मळणीयंत्रावर, उरलेलं सोयाबीन निघतंय, त्याची घरघर. ती प्रसंगभर चालू ठेवा आणि तूप सांडतं तेव्हा थांबवा. संगीतापेक्षा हे मोठं काम करेल. लागणारं संगीत पुढच्या प्रसंगात द्या, पार्श्वसंगीतकाराचाही मान राहील.

नटांशी बोलताना मी भरतमुनींचा आधार घेतो, कारण तिथं व्यवस्था स्वच्छ आहे. नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितलेत: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय. अश्रूंचा क्रमांक सातवा. आपल्या मालिकांतलं पात्र थेट सातव्यावर उडी मारतं आणि मग पुढं जायला जागा उरत नाही. बहिणीचं काम करणाऱ्या मुलीला सांगा, या प्रसंगात फक्त पहिला. स्तंभ. हात जिथं आहे तिथं थांबतो. डोळ्यांत पाणी आलं तर शॉट पुन्हा घ्या. मायच्या वाट्याला पाचवा, हाताला कंप. स्वरभेद पुढच्या भागासाठी राखून ठेवा, जेव्हा बहीण पहिल्यांदा बोलेल. आणि चेहऱ्यावर सगळं दाखवायची धडपड करू नका. साधारण शंभर वर्षांपूर्वी लेव कुलेशॉव या रशियन दिग्दर्शकानं एकाच नटाचा एकच निर्विकार चेहरा कधी सूपाच्या ताटलीशेजारी, कधी शवपेटीशेजारी जोडून दाखवला. पाहणाऱ्यांना त्याच चेहऱ्यात एकदा भूक दिसली, एकदा दुःख. अंगठ्याचा शॉट नीट असेल तर बहिणीनं काहीच न केलेलं उत्तम.

आपल्या घरांमध्ये न बोलण्याची भाषा तयारच आहे, ती वापरा. मराठीत अबोला ‘धरतात’ आणि ‘सोडतात’, म्हणजे ती हातात घ्यायची वस्तू आहे. आमच्या मोठ्या मायनं सासऱ्यासमोर कधी तोंड उघडलं नाही. जेवण वाढलं की ती अंगणातल्या पोराला म्हणायची, ‘आबाजीले सांग, पाट मांडला.’ आबाजी दोन हातांवर बसलेले असायचे. तुमच्या वैनीला हे द्या. ती नवऱ्याशी बोलत नाहीय, पोराला सांगतेय, ‘बापाले पूस, कढी पायजे काय?’ तिनं अंगठा कधीच पाहिलाय आणि तो तिला पटलेला नाही, हे या एका वाक्यात येतं. प्रसंग अगदीच मुका नको म्हणून वाहिनी अडून बसली तर हे एकच वाक्य घाला, दुसरं नको. पोराच्या तोंडून मात्र गुपित फोडू नका. लहान मुलानं भाबडेपणानं सगळं सांगून टाकणं ही आपल्या मालिकांची फार झिजलेली वाट आहे.

तुमच्या पत्रात एक वाक्य होतं, की वाहिनीतल्या कुणीतरी ‘गावाकडच्या लोकांना ठळक लागतं’ असं म्हटलं. हे ऐकलं की मला वाईट वाटतं. झाडीपट्टीची नाटकं ज्यांनी पाहिली नाहीत तीच माणसं असं बोलतात. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या भागांत दिवाळीनंतर मंडई (तिकडची जत्रा) आणि शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतींच्या) निमित्तानं रात्ररात्र नाटकं होतात, वडसा हे त्या मंडळींचं मोठं ठाणं. त्या रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. तिथं गाणी आहेत, विनोद आहे, आवाज चढलेले आहेत, सगळं ठळक आहे हे खरं. पण वडसाकडच्या एका गावात थंडीच्या रात्री तीनच्या सुमारास मी पाहिलं होतं, की नायिकेची आई रंगमंचावर येऊन नुसती दाराशी बसली, बराच वेळ, आणि घोंगड्या पांघरून बसलेला मंडप खोकलासुद्धा नाही. चार तास गाणं-बोलणं ऐकलेल्या माणसांना ते बसणं पुरलं, कारण ती कुणाची वाट पाहतेय हे त्यांना माहीत होतं. ठळक लागतं ते आधीचं. एकदा ते मिळालं की पुढचं माणसं स्वतः भरून काढतात.

एका बाबतीत मात्र मनापासून सांगतो. विदर्भातलं घर म्हटलं की कोपऱ्यात कीटकनाशकाची बाटली आणि तिच्यावर रेंगाळणारा कॅमेरा, हे नको. ज्या घरांनी हे भोगलंय त्या घरांतही तुमची मालिका लागते. जमिनीचा, बहिणीचा, मायचा ताण त्या बाटलीशिवाय उभा राहत नसेल तर पटकथा पुन्हा लिहावी, पण त्या मरणाचा उपयोग प्रेक्षकाला घाबरवायला करू नये.

प्रसंग कुठं ठेवायचा, तेही महत्त्वाचं. ब्रेकनंतर लगेच ठेवू नका. बाई तेव्हा पाणी भरून येत असते. सेगमेंटच्या मध्यावर, एका बोलक्या प्रसंगाच्या पाठोपाठ ठेवा. अंगठ्यावर भाग संपवायचा मोह तुम्हाला होईल आणि तसं सांगितलंही जाईल. तसं केलंत तर दुसऱ्या दिवशी ‘मागील भागात’ म्हणून तो शॉट तीन सेकंदांत, मोठ्या आवाजासह पुन्हा दिसेल आणि त्यातलं सगळं संपेल. भाग संपवायला भावाचं ‘चार दिस राय ना’ ठेवा. ते जेवण झाल्यावर येऊ द्या. आता ते ऐकताना बहिणीला दोन्ही अर्थ कळतात. ती फक्त ‘हो’ म्हणते.

आणि त्यानंतरच्या भागाची सुरुवात मला अशी दिसते. पहाट. चूल विझलेली. बहीण चुलीतली राख मुठीत घेते आणि मोरीवर बसलेल्या मायचा हात ओढून मांडीवर ठेवते. ती अंगठ्याला राख लावते, पाण्याचा हात लावते, घासते. माय काही म्हणत नाही, हातही मागं घेत नाही. बहीण पुसते, पुन्हा राख लावते, पुन्हा पुसते. शाई फिकी होते, पण नखाच्या कडेला आणि रेघांत राहते. मेकअपला आत्ताच सांगून ठेवा, पुढचे चार-पाच भाग तो डाग रोज थोडा फिका करत न्यायचाय, आणि सोमवारी तालुक्याला जायच्या बंडीत, म्हणजे बैलगाडीत, माय बसेल तेव्हाही नखाच्या कडेला तो दिसला पाहिजे.